'आम्ही' आणि 'आपण' : समूहवैराच्या अभ्यासाची कथा

मराठी भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन निराळी सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला वगळावयाचे असेल तर 'आम्ही', आणि त्याला सामावून घ्यावयाचे असेल तर 'आपण'. हिंदीत 'हम' या एकाच शब्दावर दोन्ही कामे भागतात. म्हणून या भेदाचे मोल महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना विशेष जाणवते. माणसे 'आम्ही' केव्हा म्हणू लागतात आणि 'आपण' म्हणावयास केव्हा शिकतात, या प्रश्नाचा शास्त्रीय शोध विसाव्या शतकात ज्या मानसशास्त्रज्ञांनी घेतला, त्यांपैकी दोघांच्या कार्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. दोघांनाही हा प्रश्न ग्रंथांत सापडला नव्हता. तो त्यांच्या वाट्याला आला होता.

मुझफर शेरीफ हे पश्चिम तुर्कस्तानातील ओदेमिश गावचे. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीर बंदरात उतरले, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. त्या वेळी झालेली माणसांची कत्तल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि स्वतः ते थोडक्यात बचावले. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गार्डनर मर्फी यांच्या मार्गदर्शनाखाली १९३५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या मतावर कठोर टीका केली. १९४४ साली त्यांना अटक झाली, आणि १९४५ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले ते तेथलेच झाले.

१९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह येथे त्यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग केला. अकरा वर्षांच्या सुमाराची, एकाच वर्णाची व सारख्याच मध्यमवर्गीय घरांतील २२ मुले दोन गटांत वेगवेगळी ठेवण्यात आली. मुलांनीच आपल्या गटांना नावे दिली : एक गट गरुडांचा, तर दुसरा विषारी सर्पांचा! आपल्या पुराणांतील वैराची त्या बालकांना वार्ताही नसावी. मग बक्षिसांसाठी सामने लावले गेले, आणि थोड्याच दिवसांत शिवीगाळ, निशाणे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणे इथवर मजल गेली. नुसते एकत्र जेवावयास बसविल्याने काही साधले नाही. उलट ताटांतील अन्नच एकमेकांवर फेकले गेले. परंतु पाण्याचा पुरवठा बंद पडला तेव्हा सर्वांना मिळून दोष शोधावा लागला. बंद पडलेली मालमोटार ओढावयाची वेळ आली, तेव्हा रस्सीखेचीचाच दोर दोन्ही गटांनी एका बाजूने धरला. परतीच्या वाटेवर एका गटाने बक्षिसाच्या पैशांतून सर्वांना पेय पाजले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. १९५३ साली शेरीफ यांनी असाच एक प्रयोग न्यूयॉर्क राज्यात मांडला होता. तेथे मुलांची आधीच मैत्री जमली होती. मोठी माणसे मुद्दाम भांडणे लावीत आहेत असा त्यांना संशय आला, ती लढेनात, आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने २०१८ साली तो वृत्तान्त सविस्तर मांडला. आमच्या मते शेरीफ यांचे हे अपयश त्यांच्या यशाइतकेच बोधप्रद आहे. ज्यांची ओळख आधी झाली, ते कोणाच्या चिथावणीने सहजासहजी वैरी होत नाहीत.

दुसरे संशोधक हेन्री ताजफेल हे पोलंडमधील ज्यू. महायुद्ध पेटले तेव्हा ते फ्रान्समध्ये शिकत होते. फ्रेंच सैन्यातून लढताना ते १९४० साली जर्मनांच्या कैदेत पडले. आपण मूळचे पोलंडचे आहोत हे त्यांनी दडवून ठेवले, म्हणूनच ते वाचले. १९४५ मध्ये परतल्यावर घरचे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. एखादा पहारेकरी मनाने कितीही भला असता, तरी त्या एका शब्दाने त्यांचे भवितव्य ठरले असते.

म्हणूनच की काय, नुसत्या नावात किती बळ असते हे त्यांनी पुढे तपासून पाहिले. १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे त्यांनी शाळकरी मुलांना क्ले व कान्डिन्स्की या चित्रकारांच्या आवडीवरून गट पाडल्याचे सांगितले. वस्तुतः गट यदृच्छेने पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि वाटप करणाऱ्याला स्वतःला त्यातून काहीच मिळावयाचे नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या गटावर मात करता यावी म्हणून स्वतःच्या गटाचा अधिक लाभही कित्येकदा सोडून दिला.

शेरीफ यांचे गुरू मर्फी हे १९५० साली युनेस्कोतर्फे भारतात आले, ते फाळणीनंतरच्या सामाजिक तणावांच्या अभ्यासासाठी. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांच्या मुलांचे तीन आठवड्यांचे वैर आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणींवर पोसलेले वैर यांत महदंतर आहे, हे आम्ही विसरत नाही. तथापि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून आम्ही रोज पाहतो, की बंगाली, तमिळ आणि पंजाबी सहकारी सणासुदीच्या मेजवानीत आपापल्या कोंडाळ्यात बसतात. मात्र संसदेतील प्रश्नाचे उत्तर संध्याकाळपर्यंत पाठवावयाचे असले, की तीच मंडळी एका टेबलाभोवती जमतात. 'आम्ही' म्हणावयास एक नाव पुरते. 'आपण' म्हणावयास मात्र एकट्याने न उचलणारे काम समोर असावे लागते, आणि त्या कामात दुसऱ्याचाही हात लागतो हे मनोमन मान्य करावे लागते.