अस्सलबरहुकूम

बँकेत नकलेला कवडीची किंमत नाही. खुद्द कुबेर झेरॉक्स घेऊन आला तरी काउंटरवरून आम्ही विचारणार, "अस्सल कुठंय?" त्यामुळं नांदेडहून लातूरला बदलून आलो तेव्हा आमचे कॅशियरसाहेब रविवर्म्याचं कॅलेंडर समोर ठेवून तैलरंगातलं पोर्ट्रेट गिरवत होते, याचं शाखेत भारी हसू चाललेलं. मी मात्र त्यांच्या बाजूचा. अहो, या विद्येची सगळ्यात मोठी शाळा आपल्या मराठवाड्यातच भरली होती, अजिंठ्यात!

१८७२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत शिरले. मुलूख निजामाचा, तेव्हाच्या आपल्या नांदेड-लातूरसारखाच. मधूनमधून खंड पडत काम १८८५ पर्यंत चाललं. पोरं कॅनव्हासवर तैलरंगात नकला करायची. आणि भिंतीवरची चित्रं तर तैलरंगातली नव्हेतच, कोरड्या गिलाव्यावरची. म्हणजे रक्कम तीच, पण खतावणी दुसऱ्या चलनात! पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. सगळा चेहरा रेषेवर उभा. त्या झुकल्या पापणीची रेषा केसभर ढळली, की करुणेच्या जागी डुलकी दिसते. (दुपारी तीननंतर आमच्या शाखेत हा दुसरा भाव मुबलक असतो.) अशा भिंतींपुढं हात बसवणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी नावाचा पारशी तरुण होता. पुढं तैलरंगातल्या पोर्ट्रेटांत त्यानं मोठं नाव काढलं.

नकलांचं नशीब मात्र खोटं. त्याआधी मद्रास फौजेच्या रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. ग्रिफिथ्सच्या पोरांच्याही लंडनलाच गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या कितीतरी खाक झाल्या. एकदा बुडालेल्या ठिकाणी पुन्हा ठेव ठेवू नये, हे आमच्याकडं शिपायालाही कळतं.

अस्सलाचंही सुखाचं नव्हतं. रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी भिंतींना वार्निश फासलं, ते पुढं पिवळं पडलं आणि चित्रं आणखी झाकोळली. नकलेपायी अस्सल मळलं की हो! भिंतीवरचं काही त्यानंतर झिजलं, काही पडलं. ते कसं होतं हे ताडायला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाचलेल्या नकला पाहाव्या लागतात. आता यात अस्सल कोणतं धरायचं आणि शिक्का कशावर मारायचा, हे हेड ऑफिसला लिहून विचारावं लागेल.