परवचा आणि औटकी

दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागले, की हातपाय धुऊन ओसरीवर ओळीने बसलेल्या मुलांनी शुभंकरोती आटोपून पाढे म्हणावयास आरंभ करावा आणि एखादा आकडा चुकताच झोपाळ्यावरील वडीलधाऱ्याने तेथूनच हटकावे, हा परवच्याचा परिपाठ महाराष्ट्रातील कित्येक घरांत पिढ्यानुपिढ्या चालत आला. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर जे गिरविले जाई, ते पक्के होई या ओसरीवर. तेथे बसण्याचा मान मात्र बहुधा मुलग्यांचा. मुलींच्या कानांवर जे पडे, तेवढेच त्यांचे गणित.

पूर्णांकांचे पाढे हा केवळ पाया. त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, असे मजले चढत. आणि ते चढविले होते बाजारपेठेने व दप्तराने. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, शेराचे पुन्हा अर्धे नि पाव, अशी जेथे रीत, तेथे व्यवहारातील बहुतेक आकडे पावांत मोडावयाचेच. साडेतीन आणे शेराने १३ शेर माल घेतला, तर औटकीतील तेरावी ओळ साडेपंचेचाळीस आणे आपोआप जिभेवर आणी. त्यांतून दोन रुपयांचे ३२ आणे वजा करताच दोन रुपये साडेतेरा आणे हा जबाब, वाण्याच्या तराजूचा काटा स्थिरावण्यापूर्वीच, तयार असे. कागद नको, बोरू नको.

अव्वल इंग्रजीत, १८२० च्या दशकात, जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अधिकाऱ्याने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले आणि सकारण गणिताची नवी पद्धती शाळांतून हळूहळू रुजू झाली. तेव्हापासून परवच्याला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडणे सुशिक्षितांत प्रतिष्ठेचे ठरले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण औटकी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला त्यातील उपपत्ती कोणी सांगितलेली नसे. परंतु उपपत्ती जाणणारा पदवीधर दुकानात बोटे मोजीत उभा राहिलेला ज्यांनी पाहिला, त्यांना ही निंदा एकांगी वाटली तर नवल नाही.

औटकीला शाळाखात्याने हद्दपार केले नाही. ते काम टांकसाळीने केले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पुढील वर्षीच्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनांचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला, आणि साडेतीन आणे शेर हा दरच बाजारातून उठला.