उष्टावण : शाकाहारी घरातील बालान्नाची परंपरा

गोमंतकातील देवस्थानांत नव्या अंगरख्यातील तान्हे मूल घेऊन कुलदैवताच्या दर्शनाला आलेली कुटुंबे नेहमी दिसतात. बारसे, उष्टावण, जावळ या निमित्ताने बाळाला देवाच्या पायांवर घालावयाचे, हा महाजनांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शिरस्ता आहे. भट, कऱ्हाडे, चित्पावन, पाध्ये यांच्या घरांत आहार जन्मभर शाकाहारीच. परंतु ज्या सारस्वत घरांत मासळी नित्याची आहे, तेथेही बाळाचा पहिला घास बहुधा खिरीचा किंवा तूपभाताचा असतो. या अर्थाने शाकाहारी बालान्न हा काही मोजक्या घरांपुरता मर्यादित असा विषय नव्हे. ही परंपरा कशी घडली, तिच्यात कोणते शहाणपण होते आणि कोणती उणीव राहून गेली, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रारंभ गृह्यसूत्रांपासून करावा लागतो. ऋग्वेदी घराण्यांचे गृह्यसंस्कार ज्या आश्वलायन गृह्यसूत्राला अनुसरून होतात, त्यात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल, पण त्या सूत्रात पहिल्या घासाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत मांसही आहे. अन्नसमृद्धीची इच्छा असल्यास बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चसासाठी तित्तिर पक्ष्याचे मांस आणि तेजासाठी तूपभात, असा तो क्रम आहे. त्यानंतर दही, मध व तूप यांनी मिश्रित अन्न देण्याचे विधान येते. पुढे समाजाचा आचार पालटला, अहिंसेचा संस्कार दृढ झाला आणि मांसाचे पर्याय व्यवहारातून गळून पडले. दधि-मधु-घृतमिश्रित अन्न व खीर तेवढी उरली. परंपरा मोडली असे कोणी म्हटले नाही. संस्कार तोच राहिला, ताटातील पदार्थ बदलले. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

धर्मशास्त्राला समांतर असा आयुर्वेदाचा प्रवाह आहे. सुश्रुताने सहाव्या महिन्यात बालकाला लघु व हितकर अन्न द्यावे असे शारीरस्थानात सांगितले. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात स्तन्य सुटणाऱ्या बालकासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. बालचिकित्सेचा स्वतंत्र ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात पंडित हेमराज शर्मा यांना मिळालेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. या संहितेत सहाव्या महिन्यात फळांचा रस आणि दहाव्या महिन्यात अन्न, असा सावकाश क्रम आहे. चाटण देण्याच्या विधीवर, म्हणजे लेहनावर, तिच्यात स्वतंत्र अध्यायच आहे. सहाणेवर वेखंड, हिरडा, जायफळ, बदाम व खारीक यांचे वेढे उगाळून बाळाला चाटविण्याची जी बाळघुटी आपल्या घरांत रूढ झाली, ती याच लेहनपरंपरेच्या कुळातील होय.

याच ग्रंथात ‘फक्क’ नावाच्या व्याधीचे वर्णन आहे. वर्षाचे झाले तरी जे मूल पायांवर चालू लागत नाही, त्याला फक्क म्हटले आहे. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. धात्रीच्या दूषित दुधाने होणारा तो क्षीरज, माता पुन्हा गर्भवती झाल्याने दूध तुटलेल्या बालकाला होणारा तो गर्भज आणि रोगाने होणारा तो व्याधिज. अशा मुलाला चालावयास शिकविण्यासाठी तीन चाकांचा रथ करावा, असेही तेथे म्हटले आहे. आजच्या कोणत्या रोगाशी फक्काची तंतोतंत जोड घालणे धाडसाचे ठरेल. परंतु बाळाच्या दुर्बलतेचे मूळ मातेच्या स्तन्यात शोधण्याची जी दृष्टी त्यात आहे, ती पुढे विसाव्या शतकात निराळ्या मार्गाने पुन्हा प्रत्ययास आली.

ग्रंथांपेक्षा अधिक काम केले ते मात्र स्वयंपाकघराने. कोकण-गोमंतकातील बालान्नाचे मुख्य आधार तीन : उकड्या तांदळाची पेज, नाचणी आणि डाळभात. त्यांतील प्रत्येकामागे एक प्रक्रिया आहे व त्या प्रक्रियेतच खरे मर्म आहे.

भात सालासकट उकडून वाळवला आणि मग सडला, की कोंड्यातील थायामिन हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते व सडताना पूर्णपणे निघून जात नाही. सड्या पांढऱ्या सुरय तांदळावर राहणाऱ्या मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर बेरीबेरीचा उपद्रव होता. अशा मातांची अंगावर पिणारी तान्ही मुलेही त्या रोगाने दगावत. उकडा तांदूळ खाणारे प्रदेश त्यातून बहुतांशी बचावले. नीलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी सुरू केलेल्या आणि पुढे डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांनी चालविलेल्या प्रयोगशाळेने या गोष्टीचा शास्त्रीय उलगडा केला. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

नाचणीचे महत्त्व तिच्यातील चुन्यात, म्हणजे कॅल्शियममध्ये आहे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. परंतु नाचणीचे सत्त्व करण्याची घरगुती रीत याहूनही लक्षणीय आहे. नाचणी रात्रभर भिजवावयाची, फडक्यात बांधून तिला मोड आणावयाचे, सावलीत वाळवून मंद आचेवर किंचित परतावयाचे, मग दळून वस्त्रगाळ करावयाचे. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारे द्रव्य निर्माण होते. साध्या पिठाची लापशी शिजताच घट्ट होते. ती पातळ करण्यासाठी पाणी घालावे, तर बाळाचे लहानसे पोट पाण्यानेच भरते आणि अन्न थोडे जाते. मोडाच्या पिठाची लापशी मात्र पीठ अधिक घालूनही पातळ राहते. शिवाय धान्यातील लोह अडवून ठेवणारा अंशही मोडांमुळे कमी होतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एच. एस. आर. देशिकाचार यांनी १९८० च्या सुमारास या गुणाचे शास्त्रीय विवेचन केले. त्याच दशकात वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आणलेल्या गव्हाचे थोडेसे पीठ घट्ट लापशीत मिसळले की ती कशी सैल होते, हे प्रयोगांनी दाखविले. हे पीठ अंगणवाडीतील सामान्य आईलाही करता यावे, असा त्यांचा रोख होता. आजीच्या फडक्यातील मोडांना अशा रीतीने प्रयोगशाळेची साक्ष मिळाली. गोव्यातील तिजानाची रीत थोडी वेगळी. त्यात भिजवलेली नाचणी वाटून गाळतात आणि नारळाचा रस व गूळ घालून शिजवतात. ते रुचकर व सुपाच्य खरे, पण गाळताना कोंडा जातो व मोडांचा लाभ मिळत नाही. दोन्ही पदार्थ नाचणीचेच असले, तरी ते एकच नव्हेत.

तिसरा आधार डाळभाताचा. तांदळाच्या प्रथिनात लायसिन उणे, डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन उणे. एकाची तूट दुसरे भरून काढते. मऊ भात, वरण किंवा तोय, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट, या साध्या घासात प्रथिने व उष्मांक दोन्ही येतात. हैदराबादच्या पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी जे मिश्रण सुचविले, तेही भाजलेले गहू, डाळे, शेंगदाणे व गूळ यांचेच होते. डॉ. सी. गोपालन यांनी आग्रहाने मांडले की, आपल्याकडील मुलांची मोठी तूट निव्वळ प्रथिनांची नसून एकंदर पोटभर अन्नाची आहे. घासावर तूप घालणाऱ्या हाताला हे निराळे सांगावे लागले नव्हते.

मात्र परंपरेचा गौरव करताना तिचे दोषही झाकून ठेवता येणार नाहीत. पहिला दोष विलंबाचा. मुहूर्तग्रंथांनी मुलग्यांसाठी सहावा, आठवा, दहावा असे सम महिने आणि मुलींसाठी पाचवा, सातवा, नववा असे विषम महिने सांगितले. मुहूर्त पुढे ढकलला की अन्नही पुढे जाई, आणि उष्टावण झाल्यावरही कित्येक घरांत बाळ महिनोन्‌महिने केवळ दुधावर व पेजेच्या निवळीवर राही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ स्तन्यपान आणि त्यानंतर लगेच पूरक अन्न, अशी शिफारस केली आहे. दुसरा दोष मधाचा. वर्षाच्या आतील बालकाला मधातून क्वचित प्राणघातक विषबाधा होऊ शकते, हे १९७६ नंतर स्पष्ट झाले. म्हणून सूत्रातील तो घटक आता वर्ष उलटेपर्यंत टाळणेच इष्ट. तिसरा दोष लोहाचा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. हे प्रमाण शाकाहारी व मांसाहारी अशा सर्वच घरांचे असले, तरी वनस्पतींतील लोह शरीरात कमी शोषले जात असल्याने शाकाहारी घराला अधिक दक्षता घ्यावी लागते. डाळभातावर लिंबू पिळणे हा त्यावरचा एक सोपा उपाय आहे.

चौथी उणीव सर्वांत गंभीर आणि सर्वांत अदृश्य. वेल्लोर येथील मेरी जाधव, जे. के. जी. वेब, एस. वैष्णव व एस. जे. बेकर यांनी १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बालव्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. केवळ अंगावर पिणारी ही मुले सुस्त होत, शिकलेल्या हालचाली विसरत. त्यांच्या बोटांच्या पेरांवरील कातडी काळवंडे, हातपाय कापत. बाळे दिसावयास गुटगुटीत असत, परंतु मातांच्याच शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा असल्याने त्यांच्या दुधात ते नव्हते. ते जीवनसत्त्व देताच मुले सुधारली. ब-१२ चा शोध मुळात १९४८ मधला, त्यामुळे पूर्वजांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. वनस्पतिजन्य अन्नात ते विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. दुधातुपाच्या घरात दुधादह्यातून थोडे मिळते, पण दूध बेताचे असले की साठा आटत जातो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासात गर्भवतींमध्ये हा तुटवडा मोठ्या प्रमाणावर आढळला. मातेतील या तुटवड्याचा संबंध मुलांच्या पुढील चयापचयाशी असल्याचेही त्यातून दिसून आले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, डोहाळजेवण यांतून गर्भवतीची व बाळंतिणीची चिंता वाहणाऱ्या परंपरेत नेमके हेच एक द्रव्य पुरेसे नव्हते.

दूधही वर्ज्य केले तर काय होते, याचे दोन दाखले परदेशांतून मिळतात. हॉलंडमध्ये १९८० च्या दशकात धान्य व भाज्यांवर वाढविलेल्या मॅक्रोबायोटिक पंथाच्या बालकांचा अभ्यास झाला. सहा ते अठरा महिन्यांच्या काळात त्यांची वाढ खुंटलेली आढळली, पुष्कळांत मुडदूस व ब-१२ चा अभाव दिसला. याउलट अमेरिकेतील टेनेसी राज्यातील ‘द फार्म’ या वसाहतीच्या ४०४ शाकाहारी मुलांची पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेक मुले दूधही वर्ज्य करून वाढलेली होती आणि त्यांची वाढ सर्वसाधारणपणे समाधानकारक होती. त्या वसाहतीत सोयाबीनच्या दुधात ब-१२ मुद्दाम मिसळले जाई. दोहोंतील फरक पुरेसा बोलका आहे. नारळाचा रस दुधासारखा दिसतो, पण प्रथिने, चुना व ब-१२ यांच्या बाबतीत तो दुधाची जागा घेऊ शकत नाही. दूध वगळणाऱ्या घराने वैद्यकीय सल्ल्यानेच पर्यायाची योजना केली पाहिजे.

मधल्या काळात डब्यांतील दुधाचे युग येऊन गेले. म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याचा मान आणंदच्या अमूलला १९६० मध्ये मिळाला. ते यश स्वदेशी तंत्राचे होते, यात संशय नाही. परंतु डबा व बाटली यांच्या भरमसाट प्रचाराने स्तन्यपान मागे पडू लागले, तेव्हा १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आणि १९९२ मध्ये भारताचा कायदा करावा लागला. २००३ च्या दुरुस्तीने त्या कायद्याचे बंधन दोन वर्षांपर्यंतच्या बालान्नांनाही अधिक कडकपणे लागू झाले.

सारांश, शाकाहारावर मूल सुदृढ वाढते, हे अनेक पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध आहे. मात्र ते केवळ पदार्थांच्या नावाने नव्हे, तर भिजवणे, मोड आणणे, डाळ-तांदूळ जोडणे, तूप घालणे या कष्टांनी. नाव तेच ठेवून कष्ट सोडले, तर बाजारातील गोड पिठाची पुडी तेवढी हाती उरते. आश्वलायनाच्या सूत्रातील मांस ज्या समाजाने विवेकाने वगळले आणि संस्कार अबाधित ठेवला, त्याच समाजाने आज गर्भवतीच्या ब-१२ ची तपासणी, वैद्यांनी सांगितलेले लोह व ब-१२ यांचे थेंब आणि सहा महिने पूर्ण होताच अन्न, एवढी भर घालावयास हरकत नसावी. मुहूर्त लांबणार असेल, तर घास घरी सुरू करावा व देवापुढील विधी सवडीने करावा. कुलदैवतापुढे बाळाच्या मुखी घास घालताना त्याच्या मातेच्या ताटाचीही आठवण राहिली, म्हणजे उष्टावणीचा संस्कार पूर्ण झाला असे म्हणता येईल.