सोनेरी सुई

पानिपत आपल्याला ठाऊक आहे. १७६१ च्या संक्रांतीला मराठ्यांशी लढलेला अहमदशहा अब्दाली अफगाणिस्तानचा. त्यापलीकडे आपण त्या देशाची चौकशी कधी केली नाही. आज तिथल्या मुलींच्या शाळेबद्दल बोलू.

देश डोंगराळ, मधोमध हिंदुकुश पर्वत आडवा. १९६४ मध्ये सालंगचा बोगदा झाला, तोवर उत्तरेतून काबूलला यायला लांबचा वळसा पडायचा. राजधानीचा हुकूम गावात पोचायचा तो अडखळतच. राजा अमानुल्ला आणि राणी सोराया यांनी १९२१ च्या सुमारास काबूलमध्ये मुलींची शाळा काढली, पुढे काही मुलींना शिकायला तुर्कस्तानला पाठवलं. टोळ्या बिथरल्या. कराचा, सक्तीच्या लष्करभरतीचाही राग होताच, पण निघाला तो मुलींवर. १९२९ मध्ये राजा परागंदा, शाळा बंद, मुली माघारी.

हळूहळू शाळा परत उघडल्या. १९६४ च्या राज्यघटनेने बायकांना मताचा अधिकार दिला, पुढच्याच वर्षी कुब्रा नूरझाई आरोग्यमंत्री झाल्या. मग १९७९ ला सोव्हिएत फौजा, यादवी, आणि १९९६ ला काबूलवर तालिबान. शाळा पुन्हा बंद.

शिवणकाम मात्र चालायचं. हेरात शहरात बायका ‘सोनेरी सुई’ नावाच्या शिवणवर्गाला जायच्या. पिशवीत वर कापड, कात्री, खाली वही-पेन. दाराबाहेर मुलं खेळायची, कुणी पहारेकरी दिसला की आत कळवायची. आत प्राध्यापक साहित्य शिकवायचे! आपल्या कितीतरी गटांत शिवणवर्ग आहेत, म्हणून हे आम्ही मुद्दाम सांगतोय.

२००१ नंतर शाळा भरल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. आता सहावीनंतर मुलींना शाळा नाही, आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही नाही.