सहवीजनिर्मिती धोरण, अमेरिकेतील राज्यांचे
इंधन जाळून वीज निर्माण करताना उरणारी उष्णता वाया न घालविता तिचा औद्योगिक प्रक्रियेसाठी वा इमारती उबदार ठेवण्यासाठी उपयोग करण्याच्या पद्धतीस सहवीजनिर्मिती म्हणतात. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसाचे चिपाड जाळून बाष्प व वीज दोन्ही मिळवितात, हे तिचेच परिचित उदाहरण होय. उष्णता फार दूर वाहून नेणे परवडत नसल्याने असे संच बहुधा तिच्या उपभोक्त्याजवळच उभारतात. त्यामुळे ही निर्मिती स्वभावतःच विकेंद्रित असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचे भवितव्य तंत्रापेक्षा घटक राज्यांच्या धोरणावर अधिक अवलंबून राहिले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कारखाने आपल्या विजेचा मोठा भाग स्वतःच निर्माण करीत. मोठ्या केंद्रांची वीज स्वस्त होत गेली, तशी ही प्रथा मागे पडली. विद्युत् कंपन्यांना आपापल्या क्षेत्रात मक्तेदारी असे. कारखान्याची जादा वीज विकत घेण्याचे त्यांच्यावर बंधन नव्हते आणि घेतलीच, तर भाव त्याच ठरवीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही उधळपट्टी खटकू लागली. १९७८ मध्ये काँग्रेसने केलेल्या ‘पर्पा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिनियमाच्या कलम २१० अन्वये पात्र सहवीजनिर्मिती संचांची, तसेच ८० मेगॅवॉटपर्यंतच्या लहान नवीकरणीय प्रकल्पांची वीज खरेदी करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. ही वीज न घेतल्यास कंपनीला जो खर्च करावा लागला असता, त्या ‘टळलेल्या खर्चा’पर्यंत भाव द्यावयाचा होता. मिसिसिपी राज्याने अधिनियमाच्या वैधतेस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये फेटाळले. टळलेल्या खर्चाइतका पूर्ण भाव देण्याचा नियम १९८३ मध्ये ग्राह्य ठरला.

हा खर्च मोजण्याचे काम मात्र राज्यांच्या आयोगांकडे होते आणि खरी कसोटी तेथेच लागली. कॅलिफोर्नियाने १९८३ मध्ये दीर्घ मुदतीचा नमुना करार उपलब्ध केला. त्यात पहिल्या दहा वर्षांपर्यंतचे दर तेल महागतच जाणार, या अंदाजावर आधीच निश्चित करता येत. उद्योजकांची एवढी गर्दी उसळली, की १९८५ मध्ये तो स्थगित करावा लागला. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. झालेले करार मात्र कायम राहिले व त्यांचा भार ग्राहकांवर पडला. न्यूयॉर्कने १९८१ मध्ये युनिटला किमान सहा सेंट दर कायद्यानेच ठरवून दिला होता. नव्या करारांपुरता तो १९९२ मध्ये रद्द झाला, तरी जुन्या करारांतून सुटण्यासाठी नायगारा मोहॉक कंपनीला १९९८ मध्ये अनेक उत्पादकांशी खर्चिक तडजोड करावी लागली. त्यातच, उपयुक्त उष्णतेचा वाटा एकूण उत्पादनाच्या किमान ५% एवढाच हवा असल्याने, शेजारी नावापुरते हरितगृह उभारून मुख्यतः वीज विकणारे प्रकल्पही निघाले. त्यांना उपहासाने ‘पर्पा यंत्रे’ म्हणत. कायद्याचा हेतू इंधन वाचविण्याचा होता, हे येथे बाजूलाच राहिले. तरीही, स्वतंत्र उत्पादकाची वीज जाळ्यात सुरक्षितपणे सामावता येते, हे याच काळात सिद्ध झाले.

२००५ च्या ऊर्जा अधिनियमाने, स्पर्धात्मक बाजार उपलब्ध असेल तेथे सक्तीच्या खरेदीतून कंपन्यांना सूट मिळण्याची तरतूद केली. राज्यांनीही आपला भर बदलला. जाळ्याशी जोडणीचे नियम सुलभ करणे, कंपनीने अडचणीच्या वेळी पुरवावयाच्या राखीव विजेचा आकार वाजवी ठेवणे, ही कामे दिसावयास किरकोळ. परंतु लहान संचाचे अर्थकारण पुष्कळदा त्यांवरच ठरते. कनेक्टिकट व मॅसॅचूसेट्स या राज्यांनी वीजपुरवठ्यातील ठराविक वाटा सहवीजनिर्मितीसारख्या साधनांतून मिळविण्याची योजना आखली. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात न्यूयॉर्कमधील को-ऑप सिटी ही वसाहत व प्रिन्स्टन विद्यापीठ यांना स्वतःच्या संचांमुळे वीज मिळत राहिली, तेव्हा या पद्धतीच्या बाजूने इंधनबचतीखेरीज आणखी एक कारण पुढे आले. न्यू जर्सीने २०१४ मध्ये रुग्णालये, जलशुद्धीकरण केंद्रे इत्यादींना असे संच उभारण्यास अर्थसाहाय्य देणारी स्वतंत्र बँक स्थापन केली.