जिमी ब्लँटन : दोन वर्षांची कारकीर्द

वाद्यवृंदांतील कांहीं वाद्यांचें नशीबच असें असतें कीं, तीं वाजत असतांना त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तीं थांबलीं म्हणजे मात्र सारा डोलारा खालीं बसल्यासारखा वाटतो. आपल्या मैफलींत तंबोऱ्याची जी गत, जवळजवळ तीच पाश्चात्त्य वाद्यवृंदांत डबल बासची. व्हायोलिनच्या कुळांतलें हें सर्वांत थोरलें भावंड. उंचीला माणसाच्या वर जाणारें. वादकाला उभें राहून, त्याला मिठी मारल्यासारखें धरूनच तें वाजवावें लागतें. अमेरिकेंतल्या नीग्रो समाजांत जन्मलेल्या जाझ संगीतानें हें वाद्य उचललें तें ठेका धरण्यापुरतें. गज बाजूला ठेवून बोटांनीं तारा छेडावयाच्या, आणि रंग भरला म्हणजे त्या ओढून पट्टीवर आपटावयाच्या, ही न्यू ऑर्लिन्सच्या वादकांची रीत. तिच्यांत जोर पुष्कळ, परंतु सुराचें आयुष्य क्षणाचें. शिवाय १९२५ पूर्वीं ध्वनिमुद्रण होई तें कर्ण्यासमोर. त्या कर्ण्याला हा खर्ज नीट पकडतां येत नसे, म्हणून तबकडीसाठीं पुष्कळदां पितळी ट्यूबाच वाजवीत. विजेच्या मायक्रोफोननें ही अडचण दूर केली. पुढें कॅन्सस सिटीच्या वॉल्टर पेजनें चारही मात्रांवर एकेक सूर ठेवीत जाणारी सलग चाल रूढ केली, आणि बासला चालण्याची ऐट आली. बोलण्याची परवानगी मात्र त्याला अजून नव्हती.

ती ज्यानें मिळवून दिली, तो जिमी ब्लँटन ५ ऑक्टोबर १९१८ रोजीं टेनेसी संस्थानांतील चॅटनूगा या गांवीं जन्मला. त्याची आई पियानो वाजवी आणि स्वतःचा वाद्यवृंदहि चालवी. मुलाच्या हातीं प्रथम आलें तें व्हायोलिन. बासकडे तो वळला नॅशव्हिलच्या कॉलेजांत असतांना, आणि त्याच्या वादनाचें पुष्कळसें इंगित येथेंच असावें. जो पहिल्यापासून बासच वाजवितो, तो खर्जाच्या खुंटीला बांधला जातो. ब्लँटनच्या मनांत आधींच रागदारीसारख्या लांब पल्ल्याच्या स्वरपंक्ति घोळत होत्या, आणि त्या त्यानें जाड तारांवर उतरविल्या. कॉलेज सोडून तो सेंट लुईस येथें आला. तेथें जीटर-पिलर्स यांच्या वाद्यवृंदांत, आणि उन्हाळ्यांत मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर फेट मॅरेबल याच्या हाताखालीं, त्यानें नोकरी धरली. लुई आर्मस्ट्राँगसारखे वादक याच मॅरेबलच्या आगबोटींवर तयार झाले होते.

१९३९ च्या शरद ऋतूंत ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन सेंट लुईसला आला. एलिंग्टन तेव्हां चाळीस वर्षांचा होता. रचनाकार म्हणून त्याचें नांव युरोपांतहि गाजत होतें. त्याच्या साथीदारांनीं रात्रीं उशिरां एका ठिकाणीं या पोराचें वादन ऐकलें आणि एलिंग्टनला तें ऐकावयास लावलें. त्यानें ऐकलें आणि तेथल्या तेथें त्याला ठेवून घेतलें. वास्तविक वृंदांत बिली टेलर हा चांगला बासवादक आधींच होता; एलिंग्टननें त्याला काढलें नाहीं. कांहीं आठवडे दोन बास शेजारीं शेजारीं उभे राहिले. १९४० च्या जानेवारींत बोस्टन येथें टेलर स्वतःच निघून गेला. या पोराशेजारीं रोज उभें राहून आपली शोभा करून घेण्याची त्याची तयारी नव्हती, अशी हकीकत एलिंग्टननें पुढें सांगितली आहे. गुणी माणसानें दुसऱ्याचा गुण ओळखून जागा मोकळी केल्याची उदाहरणें संगीताच्या इतिहासांत फार नाहींत. टेलरची आठवण तेवढ्यासाठीं तरी ठेवली पाहिजे.

२२ नोव्हेंबर १९३९ रोजीं, म्हणजे ब्लँटन येऊन पुरते दोन महिनेहि झाले नसतील तोंच, एलिंग्टननें त्याच्याबरोबर केवळ पियानो आणि बास अशी जुगलबंदी मुद्रित केली. १ ऑक्टोबर १९४० रोजीं अशाच आणखी चार ध्वनिमुद्रिका झाल्या. त्यांतली ‘पिटर पँथर पॅटर’ ऐकावी. पियानो प्रश्न टाकतो, बास उत्तर देतो, आणि मग उत्तर पुरें होण्यापूर्वींच स्वतः नवा प्रश्न विचारतो. सूर गोल, भरीव, आणि पुढचा सूर येईपर्यंत टिकणारा. गजानें वाजविलेल्या भागांत स्वर क्वचित् डळमळतो हें खरें. बोटांच्या कामांत तसें म्हणावयास जागा नाहीं. ६ मार्च १९४० रोजीं मुद्रित झालेल्या ‘जॅक द बेअर’ मध्यें तर आरंभीं आणि शेवटीं सबंध वृंद बाजूला सरून बासला वाट करून देतो. त्याच दिवशींच्या ‘को-को’ मध्यें पितळी वाद्यांच्या गर्जनेंतून तीच बोटें पुनः वर येतात.

त्या काळीं वाद्यवृंदाची कीर्ति पसरे ती रेडिओवरून. एलिंग्टनच्या कार्यक्रमाची ओळखधून ‘सेपिया पॅनोरमा’ ही होती, आणि तिच्यांतहि ब्लँटनचा वांटा मोठा होता. १ जानेवारी १९४१ पासून रचनाकारांची संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यांत मानधनावरून तंटा पेटला. एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना वायुलहरींवरून बंद झाल्या. तेव्हां संस्थेबाहेरच्या बिली स्ट्रेहॉर्नची ‘टेक द ए ट्रेन’ पुढें आली आणि तीच कायमची ओळखधून ठरली. १५ फेब्रुवारी १९४१ च्या तिच्या ध्वनिमुद्रिकेंत खालीं चालणारा बास ब्लँटनचाच आहे. तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांपुरतीच जागा असे. त्या मर्यादेबाहेरचा ब्लँटन ऐकावयाचा तर नॉर्थ डकोटांतील फार्गो येथील ७ नोव्हेंबर १९४० ची रात्र ऐकावी. दोन हौशी तरुणांनीं परवानगी काढून, बरोबर नेता येणाऱ्या यंत्रावर तो नाचाचा सबंध कार्यक्रम टिपून ठेवला. नाचणाऱ्यांच्या गलबल्यांतहि बासचा प्रत्येक सूर वेगळा कळतो.

१९४१ च्या उन्हाळ्यांत वृंद लॉस एंजेलिस येथें होता. नीग्रो माणसाला रंगभूमीवर नेहमीं विदूषक करण्याच्या प्रथेची थट्टा उडविणारा ‘जंप फॉर जॉय’ हा खेळ एलिंग्टननें तेथें उभा केला. खेळ संपल्यावर ब्लँटन रात्र रात्र इतरांबरोबर वाजवीत बसे. त्याच सुमारास त्याची प्रकृति ढासळूं लागली. रोग क्षयाचा निघाला. वर्ष संपण्याच्या सुमारास त्याला वृंद सोडावा लागला, ज्यूनियर रॅग्लिन त्याच्या जागीं आला, आणि ३० जुलै १९४२ रोजीं कॅलिफोर्नियांतील एका आरोग्यधामांत त्याचा अंत झाला. वय तेवीस. क्षयावरील पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हातीं लागलें तें पुढच्याच वर्षीं, १९४३ सालीं.

त्याच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनीं, १ ऑगस्ट १९४२ रोजीं, अमेरिकेंतील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. एलिंग्टन ज्या कंपनीसाठीं वाजवी, तिचें काम १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत बंद राहिलें. या अवधींत नव्या वळणाचें जाझ आकार घेत होतें आणि नवी तबकडी फारशी मिळत नव्हती. तरुण बासवादक जुन्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत होते. ऑस्कर पेटिफर्डनें ब्लँटनची भाषा उचलली आणि १९४५ सालीं तो एलिंग्टनकडेच आला. लॉस एंजेलिसमध्यें वाढलेल्या चार्ल्स मिंगसनें तिच्यांत स्वतःचा त्वेष ओतला. पिट्सबर्गमध्यें रे ब्राऊन नांवाचा मुलगा ब्लँटनच्या ध्वनिमुद्रिकांवरून धडे घेत होता.

१९७२ च्या डिसेंबरांत एलिंग्टन त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्यानें याच रे ब्राऊनला बरोबर घेतलें आणि पुनः केवळ पियानो व बास अशी जुगलबंदी मुद्रित केली. ‘पिटर पँथर पॅटर’ तींत होतें, ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’ हि होतें. ध्वनिमुद्रिकेला नांव दिलें तें ‘धिस वन्स फॉर ब्लँटन’ : ही ब्लँटनसाठीं.