खोडदची दुर्बीण, चाकणचं कास्टिंग आणि पिंपरीतला सीटी स्कॅन : तिघांमागचं गणित एकच!

नाशिक फाट्यावरून गाडी नाशिककडे वळली की भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे पडत जातात (ट्रॅफिकने सोडलं तर) आणि नारायणगाव येतं. तिथून आत गेलं की जुन्नर तालुक्यातलं खोडद. शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या दिसतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप.

या रस्त्यावर एका टोकाला पिंपरीतली रुग्णालयं आहेत, मध्ये चाकणची एमआयडीसी आणि दुसऱ्या टोकाला ही दुर्बीण. रुग्णालयात सीटी स्कॅन होतो, एमआयडीसीत इंजिनाच्या ॲल्युमिनियम कास्टिंगचा एक्स-रे निघतो आणि खोडदला आकाशगंगांचे फोटो तयार होतात. तिन्ही ठिकाणी अडचण सारखीच आहे. जे बघायचंय ते थेट दिसत नाही. मिळतात फक्त तुकडे, आणि त्यांवरून अख्खं चित्र गणिताने उभं करावं लागतं.

चार चौकटींचं कोडं

साधा एक्स-रे म्हणजे सावली. छातीच्या एक्स-रेमध्ये फासळी, फुफ्फुस, हृदय सगळं एकावर एक पडलेलं दिसतं. पुढची गाठ कुठली आणि मागची कुठली, हे एका सावलीवरून सांगणं अवघड असतं. सीटी स्कॅन अशा शेकडो सावल्या वेगवेगळ्या कोनांतून घेतो आणि त्यांवरून शरीराचा आडवा काप कसा असेल ते काढतो.

कसं काढतो? वहीत दोन बाय दोनची चौकट आखा. आतले चार आकडे लपवलेले आहेत. वरच्या ओळीची बेरीज 5, खालच्या ओळीची 9. डाव्या रकान्याची बेरीज 6, उजव्याची 8. आतले आकडे कोणते? 1, 4, 5, 4 चालतात. 2, 3, 4, 5 पण चालतात. 3, 2, 3, 6 सुद्धा चालतात. म्हणजे दोन दिशांनी बघूनही उत्तर पक्कं होत नाही. आता तिरकी बेरीज, म्हणजे डावा-वरचा अधिक उजवा-खालचा, 7 आहे असं कळलं की एकच उत्तर उरतं : 2, 3, 4, 5. एका नव्या कोनाने कोडं सुटलं.

सीटी स्कॅनमध्ये चारऐवजी लाखो चौकटी असतात आणि प्रत्येक बेरीज म्हणजे एक्स-रेचा एक किरण शरीरातून जाताना किती अडला याचं माप. पुरेशा दिशांनी बेरजा मिळाल्या तर आतलं सगळं परत काढता येतं, हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी 1917 मध्येच सिद्ध केलं होतं. तेव्हा त्याचा वैद्यकीय उपयोग कुणाच्या डोक्यात नव्हता.

पहिला सीटी स्कॅन लेथवर झाला

प्रत्यक्षात यंत्र बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते डॉक्टर नव्हते, ईएमआय कंपनीतले इंजिनिअर होते. ही तीच कंपनी, जी बीटल्सच्या रेकॉर्डही काढायची. चाकण-भोसरीत काम करणाऱ्या कुणालाही आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं पहिलं प्रायोगिक यंत्र जुन्या लेथच्या बेडवर उभं होतं. त्यावर वस्तू थोडी थोडी सरकवत आणि फिरवत मोजमाप घेतलं जाई. एका चित्राचं मोजमाप पूर्ण व्हायला 9 दिवस लागले. स्रोत बदलून एक्स-रे ट्यूब लावली तेव्हा ते काही तासांवर आलं. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. हाउन्सफील्ड आणि स्वतंत्रपणे हेच गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना 1979 चं नोबेल मिळालं.

त्याच 1971 मध्ये भारतातून एक शोधनिबंध गेला, ज्याची चर्चा फार होत नाही. प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी सावल्यांवरून चित्र बांधण्याची खूप सोपी आणि वेगवान रीत सांगितली. नुसत्या सावल्या एकमेकींवर पसरवल्या तर चित्र धुरकट येतं. त्याआधी प्रत्येक सावलीवर एक ठरावीक गाळणी चालवायची, मग पसरवायची, की धूर जातो. ही गाळणी आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘राम-लॅक फिल्टर’ नावाने शिकवली जाते. त्यातले ‘राम’ म्हणजे रामचंद्रन.

आणि खोडदचा संबंध?

रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना हीच अडचण डॉक्टरांच्या आधी आली होती. त्यांच्या अँटेनाला सूर्यावरचा एक बिंदू दिसत नसे, एक अख्खी पट्टी दिसे. म्हणजे पुन्हा बेरीजच. त्या पट्ट्यांवरून सूर्याचं चित्र कसं काढायचं हे रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये लिहिलं आणि 1967 मध्ये सहकाऱ्यासोबत त्याची सुधारित रीत दिली. रामचंद्रन यांच्या रीतीचं हे सख्खं भावंड.

याच ब्रेसवेल यांच्या हाताखाली स्टॅनफर्डला पीएचडी करणारा एक भारतीय विद्यार्थी होता, गोविंद स्वरूप. ते 1963 मध्ये परतून टीआयएफआरमध्ये आले, कल्याणला छोट्या तबकड्यांची मांडणी केली, उटीला मोठी दुर्बीण बांधली आणि पुढे खोडदची जीएमआरटी उभी केली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकड्यांची प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक तुकडा मोजते आणि सगळे तुकडे जोडून फोटो बनतो.

एमआरआय तर याच्या आणखी जवळचा. त्यात एक्स-रे नसतोच. चुंबकाच्या मदतीने शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून रेडिओ लहरी मिळवतात. मिळालेल्या मापांना फूरिए नावाचं गणित लावलं की चित्र येतं. एमआरआयला ही फूरिए रीत देणाऱ्या 1975 च्या शोधनिबंधावर पहिलं नाव अनिल कुमार या भारतीय शास्त्रज्ञाचं आहे.

चाकणचं कास्टिंग आणि माणूस

आता एमआयडीसीत येऊ. गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग डाय-कास्टिंगने बनतात. ओततानाची हवा आत अडकली की ब्लो होल राहतो. बाहेरून भाग चकाचक, आतून पोकळ. ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या भागात असा होल राहिला तर काय होईल हे क्वालिटीवाल्यांना सांगायला नको. म्हणून भाग न कापता आत बघण्यासाठी एक्स-रे आणि जिथे गरज तिथे औद्योगिक सीटी वापरतात.

दोन्हीकडचं गणित सारखं, पण वागणूक अगदी उलट. कारखान्यात भाग गोल टेबलावर फिरतो आणि ट्यूब जागेवर असते. रुग्णालयात माणूस पडून असतो आणि ट्यूब त्याच्याभोवती अर्ध्या सेकंदात किंवा त्याहून कमी वेळात फेरी मारते. कास्टिंग श्वास घेत नाही, त्याचं हृदय धडधडत नाही, त्यामुळे स्कॅन तासभर चालला तरी हरकत नसते. कास्टिंगवर एक्स-रेचा मारा कितीही करता येतो. रुग्णालयात साधारण 80 ते 140 किलोव्होल्टची ट्यूब असते, तर कारखान्यात 225 किंवा 450 किलोव्होल्टचीही असते.

माणसाच्या बाबतीत मात्र प्रत्येक जादा कोन म्हणजे जादा किरणोत्सर्ग. त्यामुळे वैद्यकीय इमेजिंगमधला सगळा झगडा एका वाक्यात मावतो : कमीत कमी मापांत विश्वासार्ह चित्र कसं मिळवायचं?

कोविडमधला तो वाद

2020-21 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न क्रिकेटचा राहिला नव्हता. एचआरसीटीचा 25 पैकी आकडा व्हॉट्सॲपवर फिरायचा. एकीकडे नेहरूनगरच्या मगर स्टेडियममध्ये जम्बो रुग्णालय उभं राहत होतं, दुसरीकडे सीटी सेंटरबाहेर रांगा होत्या. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने दर बांधून दिले : 16 स्लाइसपेक्षा कमी यंत्राला 2,000 रुपये, 16 ते 64 ला 2,500 आणि त्याहून जास्तीला 3,000. (स्लाइस म्हणजे यंत्र एका फेरीत किती काप टिपतं तो आकडा. जास्त स्लाइस म्हणजे वेग जास्त. साध्या छातीच्या तपासणीत त्याने निदान बदलेलच असं नाही.)

मे 2021 मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे 300 ते 400 एक्स-रे. रेडिओलॉजिस्टच्या संघटनेने ते खोडून काढलं आणि आधुनिक कमी मात्रेचा सीटी 5 ते 10 एक्स-रेइतकाच असतो असं सांगितलं. लोक गोंधळले. खरं तर दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. नेहमीच्या मात्रेचा छातीचा सीटी साधारण 5 ते 7 मिलिसिव्हर्ट, तर कमी मात्रेचा 1 ते 1.5 च्या आसपास असतो. एक्स-रेसाठी कुणी 0.02 धरतं, कुणी 0.1. कोणता सीटी आणि कोणता एक्स-रे घेता त्यावर उत्तर दहापट सहज हलतं. तुलनेसाठी : काहीही न करता, नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात.

एआय रिकाम्या चौकटी भरतंय

वैद्यकीय इमेजिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये सध्या याच प्रश्नाला मोठी जागा मिळते. आयट्रिपलई संस्थेची आयएसबीआय ही परिषद 2022 मध्ये कोलकात्याच्या नावावर होती. एप्रिल 2023 मध्ये ती कोलंबियातल्या कार्टाहेना या समुद्रकाठच्या, स्पॅनिश काळातल्या तटबंदीच्या शहरात भरली. (जीएमआरटीला 2020 मध्ये ‘माइलस्टोन’चा मान देणारी संस्था हीच.) अशा परिषदांत इंजिनिअर, गणिती आणि डॉक्टर एकत्र बसतात, आणि ‘चॅलेंज’ नावाच्या स्पर्धांमध्ये एकाच डेटावर सगळ्यांच्या रीती तपासल्या जातात.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण वेळ जातो. अर्धा तास न हलता पडणं लहान मुलाला किंवा दुखण्याने तळमळणाऱ्याला जमत नाही. 2007 मध्ये एक रीत आली, जी थोडीच मापं घेऊन उरलेलं गणिताने भरते. आता ते काम एआय करतं. वर तिरक्या बेरजेशिवायचं कोडं होतं ना, त्यात एआय म्हणतं, ‘मी आधी हजारो चौकटी पाहिल्यात, बहुतेक वेळा उत्तर 2, 3, 4, 5 असतं.’ बहुतेक वेळा ते बरोबरही येतं. पण समोरच्या रुग्णाचं उत्तर 1, 4, 5, 4 असेल तर? नेमकी आजारी माणसंच तर ‘बहुतेक’ मध्ये बसत नाहीत.

ही भीती हवेतली नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा काही रीतींत मापांमध्ये किंचित बदल केल्यावर चित्रात खोट्या खुणा उमटताना आणि लहान रचना पुसल्या जाताना दिसल्या. त्याच वर्षीच्या ‘फास्टएमआरआय’ स्पर्धेत तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टना काही चित्रांमध्ये मुळात नसलेले तपशील आढळले. चाकणच्या कारखान्यात शंका आली तर कास्टिंग कापून बघता येतं. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणूनच वेगवान यंत्र आलं म्हणजे प्रश्न मिटला असं हे क्षेत्र मानत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

सीटी झाल्यावर बऱ्याच सेंटरच्या सीडीमध्ये मात्रेचं एक पान असतं, त्यावर ‘डीएलपी’ असा आकडा दिसतो. छातीच्या सीटीसाठी त्याला 0.014 ने गुणलं की अंदाजे मिलिसिव्हर्ट मिळतात. डीएलपी 400 असेल तर सुमारे 5.6. यंत्र चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. रुग्णासाठी अशी मर्यादा नसते, कारण तिथे तपासणीची गरज किती हे डॉक्टर ठरवतात. त्यामुळे जुनी सीडी आणि फिल्म जपून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. तोच स्कॅन पुन्हा काढायची वेळ बऱ्याचदा येत नाही. गरोदरपणाची शक्यता असेल तर टेबलावर झोपण्याआधीच टेक्निशियनला सांगा. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो, मात्र शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही बसवलं असेल तर एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी ते सांगणं आवश्यक आहे.